पन्नास टक्क्यांचे उद्दिष्ट : प्रवेशापासून पदवीपर्यंत

मागील अंकात या सदरात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील एका उद्दिष्टाचा ओझरता उल्लेख आला होता : उच्च शिक्षणातील सकल नोंदणी गुणोत्तर २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेणे. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. लांब पत्रांतील प्रश्न तेवढा थोडक्यात घेतला आहे. काही पत्रलेखकांनी नाव छापू नये अशी विनंती केली होती. त्यांचा मान राखून सर्वांचाच उल्लेख केवळ जिल्ह्याने किंवा गावाने केला आहे.

प्रश्न : '५० टक्के' म्हणजे २०३५ मध्ये देशातील निम्मे तरुण पदवीधर असतील, असे मी दहावीच्या वर्गात सांगितले. ते बरोबर आहे का? (माध्यमिक शिक्षक, लातूर जिल्हा)

नाही, आणि हा गैरसमज फार मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून आरंभीच त्याचे निराकरण करणे आवश्यक वाटते. सकल नोंदणी गुणोत्तर काढताना उच्च शिक्षणात नाव नोंदवलेले सर्व विद्यार्थी, मग त्यांचे वय काहीही असो, अंशस्थानी घेतात आणि १८ ते २३ या वयोगटातील एकूण लोकसंख्या छेदस्थानी घेतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पदवी घेणारी अंगणवाडी सेविका अंशात धरली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु दोन विषय राहिल्यामुळे तिसऱ्या वर्षात पुन्हा नाव घातलेला विद्यार्थीही त्यात असतो आणि सर्वेक्षणाच्या संदर्भदिनी पटावर असलेला, पण पुढे दोन महिन्यांत गावी परतलेला विद्यार्थीही असतो. या गुणोत्तराला पट कळतो, निकाल कळत नाही. तेव्हा ५० टक्के गाठले तरी निम्मे तरुण पदवीधर झाले असा त्याचा अर्थ होणार नाही. त्या वयोगटातील दर शंभर लोकसंख्येमागे पन्नास नावे कुठल्या ना कुठल्या उच्च शिक्षण संस्थेच्या पटावर आहेत, एवढाच अर्थ होईल.

'सकल' या शब्दातच ही सवलत दडलेली आहे. वर्गात पुन्हा हा विषय निघाला तर त्या शब्दावर थोडा वेळ थांबावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : हे उद्दिष्ट गाठले जाईल का? यापूर्वीच्या उद्दिष्टांचे काय झाले? (सांख्यिकीचा विद्यार्थी, जळगाव)

तुम्ही सांख्यिकीचे विद्यार्थी आहात, म्हणून आकडेच मांडतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशातील एकूण नोंदणी ३.४२ कोटी होती, ती २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी झाली. याच काळात गुणोत्तर २३.७ वरून २८.४ वर आले. म्हणजे सात वर्षांत ४.७ टक्केबिंदूंची, अर्थात वर्षाला सरासरी पाऊण बिंदूहूनही कमी वाढ झाली. २८.४ वरून ५० पर्यंत जाण्यासाठी पुढील तेरा वर्षांत दरवर्षी सरासरी दीड बिंदूहून अधिक वाढ हवी. वेग दुपटीहून जास्त वाढवावा लागेल, हे यावरून उघड आहे. धोरण जाहीर करताना सरकारने साडेतीन कोटी नव्या जागांची भाषा केली होती. देशातील सर्व विद्यापीठांत व महाविद्यालयांत २०१४-१५ मध्ये मिळून जेवढे विद्यार्थी होते, त्याहूनही ही संख्या थोडी अधिक आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. २०१४-१५ चे गुणोत्तर पूर्वी २४.३ असे प्रसिद्ध झाले होते. छेदातील लोकसंख्येचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून नव्याने बांधल्यावर ते २३.७ झाले. त्यामुळे धोरणातील २०१८ चा २६.३ हा आकडा आणि आताचा २८.४ हा आकडा एकाच आलेखावर थेट जोडू नयेत.

आता पूर्वीच्या उद्दिष्टांविषयी. बाराव्या पंचवार्षिक योजनेने २०१७-१८ साठी २५.२ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते, आणि त्या वर्षीच्या सर्वेक्षणात २५.८ हा आकडा आला. म्हणजे ते साध्य झाले. '२०२० पर्यंत ३० टक्के' हे त्यापुढील लक्ष्य मात्र हुकले. २०२०-२१ चे गुणोत्तर २७.३ होते. लक्ष्य हुकणे हा माझ्या दृष्टीने फार मोठा दोष नाही. अधिक चिंतेची बाब अशी, की साध्य झालेल्या आणि हुकलेल्या दोन्ही लक्ष्यांत प्रवेशाचीच मोजणी होती. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडावेत, याचे राष्ट्रीय पातळीवरील आकडेबद्ध लक्ष्य त्यांच्या जोडीला ठेवलेले नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतही उच्च शिक्षणाच्या प्रगतीसाठी सकल नोंदणी गुणोत्तर हाच निर्देशांक घेतला आहे, तेव्हा ही उणीव केवळ आपल्याकडची नाही.

राज्याराज्यांतील अंतरही पाहावे. २०२१-२२ मध्ये तमिळनाडूचे गुणोत्तर ४७ होते, महाराष्ट्राचे ३५.३ आणि बिहारचे १७.१. अनुसूचित जातींचे देशभरातील गुणोत्तर २५.९ होते आणि अनुसूचित जमातींचे २१.२. मुलींचे २८.५ हे मुलांच्या २८.३ पेक्षा किंचित अधिक होते, आणि एका पिढीपूर्वी कुणाला खरे वाटले नसते असे हे यश आहे. राष्ट्रीय सरासरी ५० वर गेली आणि आदिवासी मुलांची नोंदणी तिशीत राहिली, तर उद्दिष्ट साध्य झाले असे कुणी म्हणू नये.

प्रश्न : मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात असताना आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलो. सत्र परीक्षा बुडाली, पुढे नाव घातले नाही. सरकारच्या या आकड्यांत माझी नोंद कुठे आहे? (एक तरुण, बीड जिल्हा)

आलेल्या सर्व पत्रांत तुमचे पत्र सर्वांत लहान होते, आणि उत्तर सर्वांत अवघड तुमच्याच प्रश्नाचे आहे.

तुमची नोंद दोनदा झाली. पहिल्या वर्षी नाव पटावर आले तेव्हा तुम्ही देशाच्या नोंदणीत एकाने भर घातली, दुसऱ्या वर्षी पुन्हा एकाने. तिसऱ्या वर्षी तुम्ही त्या आकड्यातून निघून गेलात. तुमच्या जागी दुसरे कुणी प्रवेश घेतला असेल तर एकूण संख्या तेवढीच राहिली, आणि तुमचे जाणे कुठल्याही तक्त्यात उमटले नाही.

सर्वेक्षणात उत्तीर्णांची संख्या असते, हे खरे. २०२१-२२ मध्ये देशभरातून १.०७ कोटी विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. ४.३३ कोटींच्या नोंदणीशी हा आकडा ताडून पाहिला तर चारांत एक असे प्रमाण येते. परंतु त्यावरून पूर्णतेचे प्रमाण काढता येत नाही. सारे अभ्यासक्रम तीन वर्षांचेच असते, एकही विद्यार्थी गळला नसता आणि प्रवेशसंख्या स्थिर असती, तर दरवर्षी तिघांत एक बाहेर पडला असता. अभ्यासक्रम चार वर्षांचे असते तर चारांत एक. प्रत्यक्षात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीपासून साडेचार-पाच वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणापर्यंत सर्व काही त्या एका बेरजेत मिसळलेले असते, शिवाय नोंदणी दरवर्षी वाढत असते. म्हणून चारांत एक हा आकडा फार वाईट स्थितीशीही जुळतो आणि बऱ्यापैकी चांगल्या स्थितीशीही जुळतो. तुमच्यासारखे किती, हे त्यातून निघत नाही.

ते निघण्याचा मार्ग एकच आहे. एका वर्षी प्रथम वर्षाला आलेल्या मुलामुलींची तुकडी घ्यायची आणि त्याच नावांच्या मागे तीन, चार, सहा वर्षे जायचे : किती जणांना पदवी मिळाली, किती अजून शिकत आहेत, किती दुसऱ्या महाविद्यालयात गेले, किती जणांचा पत्ता नाही. हे करण्यासाठी लागणारी साधने आपल्याकडे नाहीत असे कुणी म्हणू शकणार नाही. राज्यातील विद्यापीठे प्रत्येक विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे तुमच्या गुणपत्रकावर छापलेला पीआरएन, फार पूर्वीपासून देत आली आहेत. त्यात आता श्रेयांक बँकेच्या, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, खात्याची भर पडली आहे. प्रथम वर्षाच्या नोंदणीची यादी आणि पदवीप्रदान समारंभाची यादी या क्रमांकाने जोडली, की उत्तर हाती येते. गरज आहे ती हे काम बंधनकारक करण्याची आणि उत्तर महाविद्यालयनिहाय, प्रवर्गनिहाय प्रसिद्ध करण्याची.

असा आकडा बाहेर आला की काय होते, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गीय अशा १३,६२६ विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले होते. विद्यार्थ्यांना अनेक पर्याय असतात आणि ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात, असे स्पष्टीकरण सरकारने दिले, आणि काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते खरेही असणार. पण कुणाच्या बाबतीत ते खरे आहे आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे सांगण्यासाठीसुद्धा नावामागे जाणारी मोजणीच लागते. शिवाय या देशातील निवडक, सर्वाधिक साधनसंपन्न संस्था आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या कला-वाणिज्य महाविद्यालयांचा प्रश्न संसदेत या तपशिलाने विचारलाच जात नाही, आणि आपली बहुसंख्य मुले तर तिथेच शिकतात.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की ऊसतोडीचा हंगाम आणि विद्यापीठाचे पहिले सत्र एकमेकांवर येतात, हे मराठवाड्यातील प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे; तुमची परीक्षा बुडाली यात तुमच्या आळसाचा काही संबंध नाही, आणि अशा मुलांसाठी हंगाम संपल्यावर स्वतंत्र परीक्षा घेणे विद्यापीठांना शक्य आहे. दुसरी गोष्ट तातडीची आहे. पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत प्रत्येक अभ्यासक्रमाला ठरलेली असते. तुमचे गुणपत्रक व पीआरएन घेऊन आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि गरज पडल्यास विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जा, आणि ती मुदत किती उरली आहे हे लेखी विचारून घ्या. मुदत उरली असेल तर उत्तीर्ण झालेल्या सत्रांचे गुण वाया जात नाहीत.

प्रश्न : नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. मग 'गळती' हा शब्दच कालबाह्य झाला, असे आम्हाला एका कार्यशाळेत सांगण्यात आले. आपले मत काय? (प्रभारी प्राचार्य, सातारा जिल्हा)

सोय चांगली आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि उन्हाळी सुट्टीतील ४ श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते. विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पूर्ण करू शकतो. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली आहे. बाळंतपणामुळे किंवा घरातील आजारपणामुळे थांबावे लागलेल्या मुलीला पूर्वी पहिल्या वर्षाचे गुणपत्रक घरी ठेवण्यापलीकडे काही करता येत नव्हते. तिला या सोयीचा खरोखर आधार होऊ शकतो, आणि तसा तो व्हावा अशी माझीही मनापासून इच्छा आहे.

परंतु ४० श्रेयांक पूर्ण करणारा विद्यार्थी आणि पहिल्या सत्रातच चार विषयांत अडकून निघून जाणारा विद्यार्थी यांत फरक आहे. गळणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दुसऱ्या प्रकारचे असतात, त्यांना प्रमाणपत्रही मिळत नाही. जे प्रमाणपत्र घेऊन जातात, त्यांच्यातही कुणी स्वेच्छेने गेले आणि कुणाला पैशांअभावी जावे लागले, हे कागद सांगत नाही. आपल्या महाविद्यालयात या मार्गाने बाहेर पडणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवावी, जाताना कारण विचारावे, आणि तीन वर्षांत किती परतले हे पाहावे. परतणाऱ्यांची संख्या चांगली असली तर सोय यशस्वी झाली असे म्हणू. ती शून्याजवळ असली तर 'निर्गमन' या शब्दाखाली जुनी गळतीच चालू आहे, असेच मानावे लागेल.

प्रश्न : अमेरिकेतही पदवीधरांचे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरवले गेले होते. त्यापासून महाराष्ट्राने काही घेण्यासारखे आहे का? (न्यू जर्सीतील एक वाचक)

आहे, यशापेक्षा पद्धतीत अधिक आहे. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २४ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकी काँग्रेससमोरील भाषणात २०२० पर्यंत पदवीधरांच्या प्रमाणात अमेरिका पुन्हा जगात पहिली असेल, असे लक्ष्य मांडले. ते साध्य झाले नाही. २०२० उलटले तेव्हा दक्षिण कोरिया, कॅनडा यांसारखे देश पुढेच होते. पण शब्द पाहा : लक्ष्य पदवीधरांचे होते, प्रवेशाचे नव्हते. तसे लक्ष्य मांडता आले, कारण मोजणी आधीपासून होत होती. १९९० च्या एका कायद्याने केंद्र सरकारचे विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयावर आपले पूर्णतेचे प्रमाण जाहीर करण्याचे बंधन घातले होते. नियमित मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत आणि दोन वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षांत, तुकडीतील किती जण पूर्ण झाले हे सांगावे लागते. त्या मोजणीत दोष होते. मुळात ती प्रथमच प्रवेश घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांपुरती होती आणि अर्धवेळ शिकणारे, नोकरी करणारे बाहेर राहत. तरीही पालकाला दोन महाविद्यालयांची तुलना करता येऊ लागली, ही मोठीच गोष्ट होती.

आपण राहता त्याच्या शेजारचेच एक उदाहरण मला या सगळ्यापेक्षा मोलाचे वाटते. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत 'असाप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. त्या बदल्यात इतर साहाय्य वजा जाता उरलेले शुल्क माफ, पुस्तकांसाठी मदत, भुयारी रेल्वे व बसचा पास मोफत, आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला एक सल्लागार, जो वारंवार भेटतो. इंग्रजी किंवा गणितात कच्चे असल्यामुळे पूरक वर्गांची गरज असलेल्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून या कार्यक्रमाची चाचणी घेतली गेली. तीन वर्षांत कार्यक्रमातील ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी पूर्ण केली, बाहेरच्यांपैकी २२ टक्क्यांनी. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला, पण दर पदवीमागे खर्च कमी आला.

यातील एकही घटक आपल्याला परका नाही. एसटीचा विद्यार्थी मासिक पास ६६.६७ टक्के सवलतीने मिळतो, मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, शुल्कमाफीच्या योजना आहेत, 'कमवा आणि शिका' तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली आपली स्वतःची परंपरा आहे. फरक असा, की न्यूयॉर्कमध्ये हे सारे एकाच विद्यार्थ्यापर्यंत, एकाच वेळी, एका ओळखीच्या माणसाच्या हातून पोहोचते. आपल्याकडे पास आगारात, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, वसतिगृह समाजकल्याण कार्यालयात आणि पूरक वर्ग कागदावर असतो. ही सगळी दारे ठोठावण्याचे काम अठरा वर्षांच्या मुलावर पडते, आणि त्याच्या घरात महाविद्यालय पाहिलेले बहुधा कुणीच नसते.

प्रश्न : माझ्या मुलीला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला. मुलींचे शिक्षण शुल्क माफ झाल्याचे सांगतात, तरीही वर्षाचा खर्च आम्हाला झेपत नाही. आमचे चुकते कुठे? (एक माता, परभणी)

ताई, तुमचे कुठेही चुकत नाही. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. निर्णय मोठा आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. परंतु माफी शिक्षण व परीक्षा या दोन शुल्कांची आहे. खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके, प्रयोगशाळेचा कोट, घरी येण्याजाण्याचा खर्च यांचा त्यात समावेश नाही, आणि परगावी शिकणाऱ्या मुलीचे शिक्षण बहुतेक वेळा याच खर्चापायी अडते.

ही जाण महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, ती खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाल्याशिवाय शाळेचे दार उघडून उपयोग नाही, हे ओळखूनच. आज त्याच विचाराच्या योजना प्रवर्गानुसार आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत राहणाऱ्यांना वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, लहान शहरांत त्याहून कमी. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. तुम्ही पत्रात प्रवर्ग लिहिलेला नाही. महाविद्यालयातील शिष्यवृत्ती लिपिकाला या चारही योजनांची नावे घेऊन विचारा. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे आणि मुलीचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे, याची खात्री आजच करून घ्या. पुष्कळ अर्ज या दोनच कारणांनी अडकून पडतात.

माझी खरी तक्रार रकमेपेक्षा वेळेबद्दल आहे. खोलीची अनामत जुलैत द्यावी लागते, खाणावळीचा हप्ता दर महिन्याला, आणि भत्ता येतो तो वर्ष सरत आल्यावर, कधी त्यानंतरही. मी शिकवत होतो त्या काळात एका हुशार विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती मार्चअखेर जमा झाली. ती दिवाळीनंतर परतलीच नव्हती. पैसे तिच्या खात्यावर गेले, योजनेच्या दप्तरी ती लाभार्थी ठरली, आणि वर्गातील तिचा बाक रिकामाच राहिला. शिष्यवृत्तीचे यश वाटलेल्या रकमेवरून ठरवले जाते, तोवर असे प्रसंग कुणाच्याही नजरेस येणार नाहीत.

इतर राज्यांनी यावर वेगवेगळे मार्ग शोधले आहेत. तमिळनाडूत सप्टेंबर २०२२ पासून सरकारी शाळांत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना पदवी, पदविका किंवा आयटीआय पूर्ण होईपर्यंत दरमहा १००० रुपये थेट खात्यावर मिळतात. बिहारमध्ये पदवी उत्तीर्ण झालेल्या मुलीला एकरकमी ५० हजार रुपये दिले जातात. बिहारची रक्कम मोठी आहे, आणि पदवीशी पैसा जोडण्याचा विचार स्वागतार्ह आहे. पण शेवटच्या वर्षापर्यंत टिकून राहिलेल्या मुलीलाच ती मिळते. टिकून राहण्यासाठी दरमहा येणारे हजार रुपये अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

प्रश्न : विद्यार्थी वाढवायचे म्हणतात, पण सरकारी महाविद्यालये तर वाढत नाहीत. मग ही वाढ कुठे होते? (सेवानिवृत्त कर्मचारी, नागपूर)

बहुतांशी खासगी संस्थांत. २०२०-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशातील २१.४ टक्के महाविद्यालये सरकारी होती आणि त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ३४.५ टक्के शिकत होते; उरलेले खासगी अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालयांत. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६८ च्या धोरणापासून २०२० च्या धोरणापर्यंत प्रत्येक वेळी उद्धृत झाली आणि एकदाही पूर्ण झाली नाही. राज्य विद्यापीठांना निधी देण्यासाठी केंद्राची 'रुसा' ही योजना २०१३ मध्ये आली. तिची पुढची आवृत्ती, 'पीएम-उषा', २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी १२,९२६.१० कोटी रुपयांची आहे. इमारती, प्रयोगशाळा व उपकरणे यांसाठी तो पैसा उपयोगी आहे. पण तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक दरवर्षी बदलत असेल, तर विद्यार्थ्याला तीन वर्षे ओळखणारा एकही माणूस महाविद्यालयात राहत नाही, आणि ती उणीव इमारतीने भरून निघत नाही. सार्वजनिक उच्च शिक्षणात पूर्णता वाढवायची असेल, तर रिक्त जागांवर कायम नेमणुका ही त्याची पहिली अट आहे, असे मी मानतो.

प्रश्न : वरून आदेश येण्याची वाट न पाहता एखादे लहान अनुदानित महाविद्यालय काय करू शकते? (अधिव्याख्याता, नंदुरबार जिल्हा)

पाच वर्षांपूर्वीचे प्रथम वर्षाचे प्रवेश रजिस्टर काढा. त्यातील प्रत्येक नावापुढे पदवी मिळाली, अजून शिकत आहे, टीसी नेली, किंवा माहिती नाही, यांपैकी एक नोंद करा. कार्यालयातील एक लिपिक आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे चार विद्यार्थी यांच्या साहाय्याने हे काम होण्याजोगे आहे. 'माहिती नाही' अशा नावांना दूरध्वनी करा. क्रमांक बदललेले असतील, तिथे त्याच गावातून आता येणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारा. तुमच्या जिल्ह्यात रोजगारासाठी सीमेपलीकडे सुरतेकडे जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणत्या महिन्यात मुले जातात, हे या यादीवरून दिसू लागेल. त्यानंतर चालू वर्षात पहिल्या अंतर्गत परीक्षेला गैरहजर राहिलेल्यांची यादी आठवड्याच्या आत काढा आणि प्रत्येक अध्यापकाकडे त्यांतील पाचसहा नावे सोपवा. गळणारे मूल बहुतेक वेळा अचानक जात नाही. आधी ते वर्गात दिसेनासे होते.

यादी तयार झाल्यावर तिच्यातील नावे वगळून केवळ संख्या या सदराकडे पाठवाव्यात. इतर महाविद्यालयांनीही तशा पाठवल्या, तर त्या एकत्र करून पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच्या अंकात येथे छापू.